निळ्या शेपटीचे उंदीर आणि कासाबाईची भूक

आमच्या गल्लीत कोण सुटलं आणि कोण उतरलं, हे डॉक्टरच्या आधी मला कळतं. मी ब्लाउज शिवते. बाई नवऱ्यापासून लपवेल, सासूपासून लपवेल, पण माझ्या टेपपासून काय लपवणार? कुणाच्या दंडाला बोटभर कापड जास्त लागलं की मी लगेच विचारते, "काय गं, माहेरचा मुक्काम लांबला वाटतं!" या तोंडापायी निम्मी गल्ली माझ्याशी भांडलेली आहे आणि उरलेली निम्मी भांडायच्या तयारीत आहे. तरी शिवायला येतात माझ्याकडंच.

तर कासाबाईच्या भानगडीचा पहिला सुगावाही मला टेपवरच लागला.

कासाबाई म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली माझी शेजारीण. मी तिला वैनी म्हणते, कारण तिचे मालक रायभानभाऊ मला बहीण मानतात. भाऊ मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलतात. एकुलती लेक साधना, ती मानवतला दिली आहे. वैनीचं माहेर वालूर. बापाच्या शेळ्यामेंढ्या, त्यामुळं लहानपण सगळं कळपामागं गेलेलं. आणि आता ही बाई परभणीत करते काय, तर गावाबाहेरच्या एका औषधांच्या कॉलेजात उंदीर सांभाळते. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे. सगळं जग उंदीर मारायचं औषध आणतं आणि आमची वैनी उंदरांना चारून पगार घेते. मी तिला 'उंदरांची सासू' म्हणायचे. ती म्हणायची, "आगं, तुझ्यापरीस बरे हायेत ते. चावतात, पण चुगल्या न्हाई करत."

आणि तिचं जेवण! ते बघायला तिकीट लावलं असतं तर मी मशीन विकून टाकलं असतं. ज्वारीची भाकर ताटात चुरायची, वर पातळ पिठलं ओतायचं, मधे ठेच्याचा गोळा, आणि मग मान खाली घालून असं जेवायचं की शेजारी भूकंप झाला तरी वर बघायची नाही. मी भिंतीवरून ओरडायचे, "वैनी, ताट तरी शिल्लक ठेवा!" ती घास न थांबवता हातानंच मला हाकलायची.

अशी ही बाई यंदा उन्हाळ्यात ब्लाउज घेऊन आली आणि म्हणाली, "कुसुम, जरा आत घे. खांद्यावरून घसरायलाय."

मी म्हटलं, "कामून वैनी? भाऊंनी ताटाला कुलूप लावलं का?"

एरवी अशा बोलण्यावर तिनं माझ्या सात पिढ्यांना वालूरच्या शिवारात चारायला नेलं असतं. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. नुसती मशीनच्या चाकाकडं बघत उभी राहिली. मला कसंतरी झालं. माझी चेष्टा परत न येणं म्हणजे विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं.

आत घेतलेल्या त्या टिपेवरचा खडू पुसायच्या आत ती परत आली. "आणखी घे." आता मी तिच्याकडं नीट पाहिलं. गळ्याच्या हाडांत खळगे पडले होते. मनगटावर घट्ट बसणाऱ्या बांगड्या हात वर केला की कोपरापर्यंत जात होत्या. माप घेताना माझी बोटं तिच्या बरगड्यांना लागली आणि मीच दचकले.

गल्लीत लगेच वैद्यांचं पीक आलं. कुणी म्हणालं साखर, कुणी म्हणालं थायरॉईड, समोरच्या बायनाबाईंनी तर आवाज बारीक करून छातीकडं बोट दाखवलं. त्या सगळ्यांत मीच जास्त बोलले, हे वेगळं सांगायला नको. पण रायभानभाऊ एका सकाळी माझ्या दारात येऊन टोपी हातात घेऊन उभे राहिले तेव्हा माझं तोंड बंद झालं.

"कुसुमताई, ती जेवंना गेलीय. विचारलं तर म्हणती, पोट भरलंय. कशानं भरलंय? मला तिच्या ताटाकडं बघायची भीती वाटायलीय."

पाठोपाठ साधनाचा फोन. पोरीला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात विचारायचं काय असतं? पण पोरगी रडत होती.

"कुसुमआत्या, आई मला येऊ नको म्हणायलीय. म्हणती, सासरीच राहा. माझ्या हातचं काही खाऊ नको. मी काय केलंय ओ?"

आता मात्र माझ्या पायाखालची जमीन सरकली. आई लेकीला माझ्या हातचं खाऊ नको म्हणते, म्हणजे तिला काहीतरी माहीत आहे. काहीतरी वाईट.

दुपारी मी तिच्याकडं गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले तर वैनी मधल्या खोलीत, एरवी जेवायला बसते ती जागा सोडून, लांब भिंतीला टेकून बसलेली. समोर ताट. भाकरीचा कडेचा एक तुकडा मोडलेला, बाकी भाकर तशीच, गार होऊन वातड झालेली. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. त्या तांब्याला तिनं सुतळी बांधली होती, चुकून भाऊंनी घेऊ नये म्हणून. मांडीवर तिची राणी झोपलेली. राणी म्हणजे होळीच्या सुमारास कुठून तरी आलेली पिवळी मांजर. वैनीनं तिला असं लाडावलं होतं की सख्खी नात लाजेल.

मी खाली बसणार तर ती ओरडली, "लांब बस! तिकडं बस."

"वैनी, झालंय काय?"

"माझ्या पोरीची शपथ घे. कुणाला सांगणार न्हाईस."

मी शपथ घेतली. गल्लीतलं कुणीही हसेल, पण घेतली.

मग ती बोलायला लागली. आवाज असा की शेजारच्या खोलीतून येतोय.

कॉलेजात माधवी मॅडम म्हणून एक शिकणारी बाई आहे, तिची मोठी परीक्षा चालली आहे. भूक कमी करायचं औषध ती उंदरांवर करून बघते. उंदरांच्या दोन खोल्या. एका खोलीतल्या उंदरांच्या शेपटीवर निळी खूण, ते वैनीकडं. दुसरीतल्यांना लाल खूण, ते पंडित नावाच्या माणसाकडं. रोज सकाळी सगळ्यांना सुई. एका खोलीला खरं औषध, दुसरीला नुसतं फसवं. कुणाला काय, हे मॅडम सोडून कुणाला माहीत नाही. सांभाळणाऱ्याला कळलं तर त्याचा हात बदलतो म्हणे.

"मी उंदीर धरते, मॅडम टोचते. मग सुया गोळा करायचं काम माझं. त्या दिवशी लय उकडायलं होतं कुसुम. हातमोज्यात घामाचं पाणी झालं होतं. मी काढून ठेवला. सुईला टोपण घालाया गेले, म्हटलं झाडूवालीला टोचू नये. आन् माझ्याच अंगठ्यात गेली."

तिनं अंगठा पुढं केला. काहीच दिसत नव्हतं. तरी आम्ही दोघी त्याच्याकडं साप असल्यासारखं बघत होतो.

"मॅडमला सांगितलं न्हाई?"

"मोजा काढला तर काम बंद, असं पहिल्या दिवशीच सांगितलंय. रक्त आलं ते मी तोंडानं वढलं आन् गप बसले. आन् त्याच संध्याकाळी भूक गेली. गेली ती गेली. घास तोंडात घेतला की तोंडात माती भरल्यागत होतंय. गळा असा आवळून येतो, जसं कुणी आतून दोरी वढायलंय."

"आवो, भीतीनं झालं असंल."

"भीतीनं? मग माझ्या निळ्या उंदरांचं काय? ते वाळायलेत कुसुम. दाणा तसाच राहायलाय. कोपऱ्यात अंगाचा गोळा करून बसतात. आन् मी पिंजरा उघडला की मला बघून थरथरतात. आधी असं न्हाई करायचे. हातावर चढायचे माझ्या." ती थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "त्यांना कळायलंय. म्या बी आता त्यांच्यातलीच झाले, हे त्यांना कळायलंय."

भर दुपारी, बाहेर ऊन मी म्हणत असताना, माझ्या अंगावर काटा आला.

"पंडितचे लाल कसे हायेत?"

"बघून काय करू? ती खोली आम्हाला उघडायची न्हाई. माझे डोळ्यांदेखत संपायलेत, आणखी कोणता सबूत पाहिजे?" तिनं मांजरीच्या पाठीवरून हात फिरवला. "आमच्या वालूरला बाप काय करायचा सांगू? शेळीनं चारा सोडला की पहिल्यांदा तिच्या जिभेला मीठ चोळायचा. तरी तोंड लावलं न्हाई तर गूळ. तरीबी न्हाई, तर कळपातून सोडून भिंतीकडं बांधायचा, बाकीच्यांना लागू नये म्हणून. भिंतीकडं बांधलेली शेळी कळपात परत आलेली म्या कधी बघितली न्हाई."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, ती भिंतीला का टेकून बसली होती. तिनं स्वतःला कळपातून सोडून स्वतःच भिंतीकडं बांधलं होतं.

घरी आले. हात साबणानं धुतले, परत धुतले. संध्याकाळी ताट वाढून घेतलं आणि पहिला घास तोंडात फिरायला लागला. खाली जाईना. मला आठवलं, मागच्या आठवड्यात मी वैनीच्या कपातला चहा प्याले होते. झालं! अंगाला घाम फुटला. आमचे हे म्हणाले, "आज आक्रीतच हाय, ताटात भाकर उरली!" मी त्यांच्यावर इतकी खेकसले की ते ताट घेऊन ओट्यावर गेले. मी माझा अंगठा दिव्याजवळ नेऊन बघत बसले. मला सुई टोचलेलीच नव्हती, तरी बघत बसले.

सकाळी मला दोन गोष्टी कळल्या. एक, मला भूक लागली होती, म्हणजे मी वाचले. दुसरी, वैनीला कुणी भिंतीपासून सोडवलं नाही तर ती तिथंच राहणार.

पण शपथ घातलेली, तीही पोटुशा पोरीची. मग मी माझ्या स्वभावाला शोभेल असं केलं. कॉलेजच्या फाटकाशी जाऊन माधवी मॅडमना गाठलं आणि तोंड भरून हसत म्हटलं, "मॅडम, मी कासाबाईची शेजारीण. त्यांच्या लेकीचं डोहाळजेवण हाय रविवारी. त्यांना बोलवायची लाज वाटायलीय, म्हणून मी आले. यायचंच बघा." मी कुणाचं काही सांगितलं नाही. फक्त जेवायला बोलावलं. ना जेवण होतं, ना डोहाळकरीण, पण शपथ शाबूत होती.

मॅडम तिशीची, चष्मेवाली, डोळ्यांखाली काळं आलेली बाई. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "येते. मावशींशी मला बोलायचंच होतं."

त्या 'बोलायचंच होतं'चा अर्थ लावत मी घरी आले.

रविवारी मॅडम स्कूटीवरून आल्या. हातात खणाचं कापड आणि आंब्यांची पिशवी. मी त्यांना घेऊन वैनीच्या घरात शिरले. रायभानभाऊ घरीच होते. वैनीनं मॅडमना दारात पाहिलं आणि तिच्या तोंडावरचं होतं नव्हतं तेवढं रक्त उतरलं. कामावरून काढायला आल्या, असंच तिला वाटलं. मॅडमनी "मावशी, साधना कुठंय?" असं विचारायच्या आत ती भिंत धरून उठली आणि बोलून मोकळी झाली.

"मॅडम, म्या मोजा काढला होता. सुई टोचली मला. तुमची सुई. माझं काम गेलं तर जाऊ द्या, पर मला सांगा, किती दिवस ऱ्हायलेत?"

रायभानभाऊंना यातलं काही माहीत नव्हतं. ते खाटेवर होते तिथंच बसून राहिले.

मॅडमच्या हातातली पिशवी खाली आली. एक आंबा घरंगळत चुलीपर्यंत गेला, कुणी उचलला नाही. "कधी? दाखवा बोट. कोणती सुई होती मावशी? निळी की लाल?"

"निळी."

मॅडम पाटावर बसल्या.  वैनीनं डोळे मिटले. भाऊंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"मावशी," मॅडम म्हणाल्या, "निळ्यात औषध नाही. लाल सुईत आहे. निळ्यात नुसतं मिठाचं पाणी आहे. आणि औषधाची सुई असती तरी सुईच्या टोकावरचा तो थेंब एव्हाना कधीच अंगातून निघून गेला असता."

 मग वैनीनं डोळे उघडले आणि चक्क रागानं म्हणाली, "खोटं! मला बरं वाटावं म्हणून सांगायलात तुमी. मिठाचं पाणी हाय तर माझे उंदीर कामून वाळायलेत?"

"तेच तर मला कळत नाहीये!" मॅडमचा आवाज फाटला. त्याही रडकुंडीला आल्या होत्या. "लाल उतरले पाहिजेत, ते उतरलेत. पण निळ्यांनी खाऊन टुणटुणीत व्हायला हवं होतं. तेही उतरतायत. माझं सगळं काम पाण्यात जायची वेळ आलीय. तुम्ही खाणं कमी घालताय का, हेच मी तुम्हाला विचारायला..."

त्या मधेच थांबल्या. खाटेखालून राणी निघाली होती. आळस देत आली, वैनीच्या पायाला अंग घासलं, आणि वैनी खाली बसल्याबरोबर मांडीवर चढली. इतक्या भीतीतही वैनीचा हात आपोआप तिच्या पाठीवर गेला. पदरावर पिवळे केस चिकटले होते.

मॅडम त्या केसांकडं बघत राहिल्या.

"ही कधीपासून आहे?"

"होळीपासून."

"कामावर येताना पण घेता हिला?"

"निघताना सोडतच न्हाई. उराशी धरते, दूध घालते, मग पदर झटकून निघते."

"आणि तसंच येऊन पिंजऱ्यात हात घालता." मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. "मावशी, ते तुम्हाला बघून थरथरत नाहीत. मांजरीच्या वासानं थरथरतात."

"त्यांनी कधी मांजर बघितली बी न्हाई!"

"बघायला लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मले तरी तो वास त्यांच्या जिवाला कळतो."

मग मॅडमनी आम्हाला समजावलं. मला कळलं ते मी माझ्या भाषेत सांगते. पोट रिकामं झालं की तिथून एक रस रक्तात सुटतो, तो डोक्याला निरोप देतो, खायला घाल. अंगातल्या चरबीतून दुसरा निरोप जातो, कोठार भरलंय, घाई नको. जेवण आतड्यात उतरलं की तिसरा, बास झालं. मॅडमचं औषध म्हणजे या 'बास'ची नक्कल. उंदीर असो की माणूस, या निरोपांवरच अंगाचं वजन तोललेलं राहतं. पण भीती आली की मूत्रपिंडावरच्या गाठींतून वेगळाच रस उसळतो आणि सगळा कारभार हातात घेतो. बाजारात दंग्याची नुसती अफवा उठली तरी दुकानांची शटरं कशी खडाखड खाली येतात, तसं. आधी जीव वाचव, जेवण मग बघू. अफवा एक दिवसाची असली तर चालतं. रोज सकाळी उठली तर दुकानदार उपाशी मरतो.

"तुमच्या निळ्यांच्या दारात रोज मांजर उभी होती," मॅडम म्हणाल्या, "आणि तुमच्या दारात ती सुई. खरं तर चूक माझी. एका खोलीला एकच माणूस द्यायला नको होता मी."

रायभानभाऊ खाटेवरून उठले. त्यांनी ताटातली भाकर उचलून वैनीपुढं धरली. "ऐकलंस ना? आता खा."

वैनीनं तुकडा तोंडात घेतला. आम्ही तिघं तिच्या गळ्याकडं बघत होतो. तुकडा या गालातून त्या गालात गेला, आणि तिनं तो हातावर काढला.

"न्हाई जात," ती म्हणाली. "मॅडम, तुमी शिकलेल्या. पर माझे उंदीर खाईपर्यंत माझा इश्वास न्हाई. ते खातील तर म्या खाईन."

"ठीक आहे. मांजर दुसरीकडं द्या. कॉलेजात येऊन हात-पाय धुवायचे, तिथलाच धुतलेला अंगरखा घालायचा. पिंजऱ्यातला सगळा भुसा मी बदलून घेते. मग बघू."

"आन् नाहीच खाल्लं तर?"

मॅडमनी स्कूटीची किल्ली उचलली. त्या तिला स्कूटीवर बसवून सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. सुई टोचली की दाखवायलाच पाहिजे, असं म्हणाल्या. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, तपासणीला रक्त काढलं. नर्सच्या हातात सुई बघून वैनी पायरी उतरून पळायला लागली होती, तिला दोघींनी धरून आणलं, हे मॅडमनीच मला नंतर सांगितलं. रिपोर्टात साखर ठीक, सगळं ठीक, फक्त अंगात रक्त कमी. डॉक्टर म्हणाले, जेवा. जसं काही ते तिच्या हातात होतं.

राणी माझ्याकडं आली. दिवसभर भिंतीवर बसून वैनीच्या दाराकडं तोंड करून ओरडायची. मी म्हणायचे, "गप बैस भवाने, तुझ्यापायी एक बाई आन् खोलीभर उंदीर उपाशी हायेत."

मग सुरू झालं वाट बघणं. रोज संध्याकाळी वैनी परत यायची आणि मी भिंतीवरून विचारायचे, "खाल्लं?"

"न्हाई. तसेच बसलेत कोपऱ्यात."

दुसऱ्या दिवशी, "खाल्लं?" ती मान हलवायची आणि आत जायची. पाणी आणि चमचाभर पेज, यापलीकडं काही जात नव्हतं. भाऊ मोंढ्यातून दुपारीच परत यायला लागले. मला शिलाई सुचेना. एका बाईचा बाहीचा तुकडा पाठीला जोडून ठेवला. मॅडमचं चुकलं असलं तर? मांजरीचा वास हा नुसता अंदाज असला तर? उंदीर खरंच आजारी असतील आणि तो आजार वैनीला असेल तर? आता मलासुद्धा त्या पांढऱ्या जिवांची स्वप्नं पडायला लागली. मी कधी न बघितलेले उंदीर माझ्याकडं पाठ करून बसायचे.

एका सकाळी वैनी ऑटोत चढताना गरगरून खाली बसली. भाऊ कामावर गेलेले. मी डबा उचलला, दाराला कडी घातली आणि तिच्याबरोबर निघाले. तिचा हात माझ्या हातात होता, पाखराच्या पायासारखा.

कॉलेजात मॅडमनी मला उंदरांच्या खोलीच्या दारातच अडवलं. "तुमच्याकडं मांजर आहे ना? तुम्ही बाहेर." म्हणजे गल्लीतल्या सगळ्या घरांत बिनदिक्कत शिरणारी मी, उंदरांनी मला बाहेर काढलं! मी लिंबाखाली जाऊन खिडकीच्या जाळीला नाक लावून उभी राहिले.

आत वैनी धुतलेला अंगरखा घालून आली. तो अंगरखा तिच्यावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. ती पहिल्या पिंजऱ्यापाशी उभी राहिली. उघडेना. तिचा हात झाकणावरच होता, मला बाहेरून दिसत होतं. मॅडम मागं वही घेऊन उभ्या.

तिनं झाकण उघडलं. हात आत घातला, बोटांत दाण्याची एक कांडी. कोपऱ्यातला गोळा हलला नाही. मी मनात म्हटलं, संपलं.

मग गोळ्यातून एक नाक बाहेर आलं. मिशा हलल्या. तो उंदीर एक पाऊल पुढं आला, थांबला, परत मागं गेला. वैनी दगडासारखी उभी. परत आला. तिच्या बोटाला हुंगलं, त्याच अंगठ्याला, आणि कांडी ओढून घेतली. पुढच्या दोन पायांत धरून बसला आणि कुरतडायला लागला. कर्र, कर्र, कर्र. बाजूच्या पिंजऱ्यातून तसाच आवाज आला. मग आणखी एका. खिडकीबाहेर मला ऐकू येत होतं. मॅडम आजचं मोजमाप विसरून तोंडावर हात धरून उभ्या होत्या.

वैनी किती वेळ तो आवाज ऐकत राहिली कोण जाणे. मग ती बाहेर आली, हात धुतले, अंगरखा काढून दारात ठेवला, लिंबाखाली माझ्यासमोर फतकल मारून बसली आणि म्हणाली, "कुसुम, माझं पोट बोललं."

"काय?"

"गुरगुरलं. आत. उंदीर खात होते आन् ते गुरगुरलं. डबा आणलास का?"

मी डबा उघडला.  दोन भाकरी आणि दाण्याची चटणी. तिनं घास केला. तोंडात घातला. मी तिच्या गळ्याकडं बघत होते. घास फिरला, थांबला, माझा प्राणही तिथंच थांबला, आणि मग गळ्याची हाडं हलली आणि तो खाली गेला. तिनं क्षणभर अंगठ्याकडं पाहिलं. मग दुसरा घास घेतला.

"बापानं जिभेला मीठ चोळलं असतं," ती चावत चावत म्हणाली, "मॅडमच्या सुईनं तेच मीठ अंगठ्यात टोचलं. नुसतं मीठच हाय, असं कुणी सांगितलं असतं तर म्या कामून भ्याले असते?"

अर्धी भाकर झाली, अन् तिनं माझ्याकडं हात केला. "फोन दे."

मी साधनाला लावून दिला. तिकडून पोरगी घाबरूनच बोलली, "आई? काय झालं?"

"काय न्हाई झालं. कपडे भर. उद्या तुझे बाबा येतेत तुला घ्यायला."

 मग साधना म्हणाली, "आई, तू काही खायलीस का?"

"व्हय. भाकर."

"कुणाच्या हातची?"

"कुसुमची," वैनी म्हणाली आणि माझ्याकडं बघून तोंड वाकडं केलं. "लय कच्ची हाय, चटणीत मीठ बी न्हाई. तू ये. म्या करते तुला."